सध्या मी दुसरंच काहीतरी वाचतेय

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई ठाण्यात राहतात, सहकारी बँकेत नोकरी करतात, वय त्रेचाळीस. त्यांच्या सोसायटीत महिन्यातून एकदा वाचनकट्टा भरतो. सगळे गोल करून बसतात आणि सुरुवातीला प्रत्येकानं ‘सध्या काय वाचताय?’ याचं उत्तर द्यायचं असतं. बाईंना मनापासून आवडतात भयकथावाले नारायण धारप आणि रहस्यकथा-कादंबऱ्यावाले सुहास शिरवळकर. लोकलमध्ये जाता-येता त्यांचं वाचन चालतं. पण पहिल्याच बैठकीत त्यांच्या आधी एकानं जाडजूड इतिहासग्रंथ सांगितला, दुसऱ्यानं ज्ञानेश्वरीवरचं भाष्य, आणि यांच्या तोंडून निघून गेलं, भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’. ती त्यांनी कधीकाळी तीसेक पानांवर सोडलेली होती. पुढच्या बैठकांत अशीच आणखी काही भारदस्त नावं सांगून झाली. त्यावर विश्वास ठेवून कट्ट्यावरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दोन मोठ्या कादंबऱ्या घरी आणून दिल्या. त्या पावसाळ्यापासून कपाटावर पडून आहेत. आता पुढच्या बैठकीत ‘कोसला’वर वीस मिनिटं बोलायचं काम बाईंकडे आलं आहे.

दुसरं दुखणं घरातलं. त्यांचं सगळ्यात लाडकं पुस्तक म्हणजे सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’. धाकट्या भावाच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी आपली स्वतःची प्रत भावजयीला वाचायला दिली. आठ महिन्यांनी ती परत आली, खूण पहिल्या प्रकरणातच. ‘ताई, वेळच झाला नाही हो,’ एवढंच भावजय म्हणाली. बाई दुखावल्या आहेत. त्या विचारतात: सारांश वाचून ‘कोसला’वर बोलून टाकू का? कट्टा सोडू का? आणि कुणाला पुस्तक सुचवायचं की नाहीच?

प्रिय मैत्रिणी,

पत्राखाली तुम्ही ‘कट्ट्यावरची तोतया’ अशी सही केली आहे. हसू आलं, पण ती सही मला मान्य नाही. तोतया दुसऱ्याच्या गादीवर हक्क सांगायला येतो. तुम्ही आपला नंबर आल्यावर घाबरलात, इतकंच.

आधी तातडीचं बघू, कारण बैठक तोंडावर आली आहे. संयोजकांना आजच फोन करा आणि सांगा, ‘कोसला माझी पूर्ण झालेली नाही, त्यावर मला बोलता येणार नाही. धारपांवर वीस मिनिटं देत असाल तर तयारी करून येते.’ बस. मागच्या सगळ्या बैठकांचा कबुलीजबाब द्यायची काही गरज नाही. भर कट्ट्यात ‘मी खोटं बोलले’ म्हणून उभ्या राहिलात तर पुढचा अर्धा तास सगळे तुमची समजूत घालत बसतील आणि पुस्तकं राहतील बाजूला. ज्यांना तुम्ही ती नावं सांगितलीत त्यांचं त्यात काही बिघडलेलं नाही. बिघडलंय तुमचं, त्याकडे येतेच.

सारांश वाचून वेळ मारून न्यायचा विचार मात्र सोडा. हे मी पापपुण्याच्या हिशेबानं म्हणत नाही. ‘कोसला’च्या बाबतीत ती युक्ती चालतच नाही. कथानक म्हणाल तर दोन ओळींचं आहे: खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो, बापाचे पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो आणि गावी परत येतो. १९६३ साली हे पुस्तक आलं तेव्हा भालचंद्र नेमाडे स्वतः पंचविशीत होते. लोक ते अजून वाचतात ते पांडुरंगच्या बोलण्यासाठी. न वाचलेला माणूस ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ची नक्कल करतो आणि तिथेच थांबतो. वाचलेला माणूस कधी ना कधी मनीवर येतो, पांडुरंगच्या धाकट्या बहिणीवर, आणि तिथे आवाज जरा खाली घेतो. कट्ट्यावर हे पुस्तक दोनदा-तीनदा वाचलेली मंडळी असणारच. त्यांना फरक पाचव्या मिनिटाला कळेल.

आता तुम्ही खोटं का बोललात ते बघू. ‘सध्या काय वाचताय?’ हा प्रश्न तुमच्या कानांनी ‘तुमची लायकी काय?’ असा ऐकला. हे कान तुमचे एकटीचे नाहीत, मराठी मध्यमवर्गात ते वारशानं मिळतात. दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात एक पुस्तकं आणि उशाखाली दुसरी, ही सोय फार जुनी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांची नावं काढली की आजही साठी-सत्तरीची माणसं खुर्चीत पुढे सरकून बसतात. हजार पुस्तकं कोणी लेखकाची हौस म्हणून छापत नाही. कुणीतरी ती भराभर वाचत होतं, पुढची कधी येते म्हणून वाट बघत होतं. ते सगळे वाचक गेले कुठे, असा प्रश्न मला साठी-पंचाहत्तरीच्या सत्कारातल्या मुलाखती वाचताना नेहमी पडतो. तिथे बालपणच्या वाचनात जो तो थेट हरिभाऊ आपट्यांपासून सुरुवात करतो. उशाखालचं कुणीच काढून दाखवत नाही.

तेव्हा तुमच्या आधी इतिहासग्रंथ सांगणाऱ्या गृहस्थांनीही त्यांच्या कपाटातलं पुस्तक सांगितलं असेल, आणि उशाखालचं वेगळं असेल. असेलच असं नाही, काही लोकांना इतिहासग्रंथ खरोखर उशाशी लागतात. पण ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि न ठाऊक असलेल्या गोष्टीवर तुम्ही स्वतःला कमी मार्क देऊन मोकळ्या झालात.

बरं, तुमच्याच पत्रातलं एक वाक्य: ‘मी आपली हलकंफुलकं वाचणारी.’ आणि त्याच पत्रात सांगता की लाडकं पुस्तक ‘आहे मनोहर तरी’. १९९० साली आलेलं ते आत्मकथन हलकंफुलकं आहे असं अजून मला तरी कुणी म्हणालेलं नाही. महाराष्ट्राच्या सगळ्यात लाडक्या माणसाबरोबरचा संसार एका बाईनं न डगमगता तपासला, स्वतःलाही सूट दिली नाही, आणि त्यावर लोक किती वर्षं भांडले. ते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणारी बाई धारपही वाचते, तर तिचा वाचक म्हणून साचा कोणता? मला तर दोन्हींत एक धागा दिसतो. घर वरून ठीकठाक आहे आणि आत काहीतरी आहे, याची तुम्हाला ओढ आहे. एकीकडे ते भूत असतं, दुसरीकडे नसतं.

आता ते नुकसान. तुम्ही ‘कोसला’ म्हणालात, म्हणून प्राध्यापकांनी तुम्हाला ‘कोसला’च्या वाटेवरच्या दोन कादंबऱ्या आणून दिल्या. त्यांनी काम चोख केलं, पत्ता तुम्ही चुकीचा दिलात. ‘धारप वाचतेय’ म्हणाला असतात तर कुणीतरी म्हणालं असतं, मग रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचल्यात का? वर हेही सांगितलं असतं की ‘लोककथा ७८’सारखं नाटक लिहिणारे आणि मुलांसाठी आयुष्यभर रंगभूमी चालवणारे मतकरी ते हेच. दुसऱ्या कुणी हृषीकेश गुप्ते यांचं ‘अंधारवारी’ सांगितलं असतं आणि मग जरा थांबून ‘दंशकाल’. आणि एखाद्या मुरलेल्या वाचकानं जी. ए. कुलकर्णींचं ‘काजळमाया’ हातात ठेवलं असतं: ‘भूत नाही यात, पण दिवा लावून वाचा.’ धारपांपासून जीएंपर्यंत अशी पायवाट आहे, माणसं तिच्यावरून जाऊन आलेली आहेत. ती तुम्हाला दाखवायला कट्ट्यावर कुणी ना कुणी बसलेलं आहे, फक्त तुम्ही कुठे उभ्या आहात हे त्यांना ठाऊक नाही. कट्ट्याचा खरा फायदा हाच असतो, आणि तो इतके महिने तुम्हाला मिळालेला नाही.

म्हणून पुढच्या वेळी नंबर आला की नुसतं नाव सांगून बसू नका. नाव सांगितलं की लोक नावाला मान देतात आणि पुढच्याकडे वळतात. नाव, मग कुठवर आलात, मग त्यातली कुठली गोष्ट डोक्यातून जात नाही, एवढं बोला. ‘धारपांच्या समर्थ या नायकाचं एक पुस्तक वाचतेय, निम्मं झालंय, आणि त्यातलं घर अगदी माझ्या मावशीच्या घरासारखं आहे, त्यामुळे मावशीकडे जायची पंचाईत झालीय.’ यावर कुणी नाक मुरडत नाही. यावर लोक आपापल्या मावशीच्या घरांबद्दल बोलू लागतात. आणि कुणी विचारलंच, ‘या वयात धारप?’ तर सांगा, ‘हो, आणि रात्री पाणी प्यायला नवऱ्याला उठवते.’

आता भावजय. इथे मी तुमची बाजू पूर्ण घेणार नाही. नणंदेनं भावजयीला, लग्नाच्या वाढदिवसाला, ‘आहे मनोहर तरी’ दिलं! अहो, त्या ओळीचं पुढचं ‘गमते उदास’ तिलाही पाठ असणार. तुमच्या मनात तसलं काही नव्हतं हे मला पत्रावरून कळतं, पण तुम्ही पुस्तकाबरोबर पत्र दिलं नव्हतं. पुस्तक हातात पडलं की घेणारा आधी हे ताडतो की मला हे का दिलं. मधुमेह झालेल्याला आहाराचं पुस्तक, नापास झालेल्याला यशाचं पुस्तक, नव्या सुनेला पाककृतींचं पुस्तक. देणाऱ्याच्या मनात माया असते, घेणाऱ्याला त्यात शेरा ऐकू येतो. भावजयीनं पहिलं प्रकरण उघडलं आणि मिटलं, त्यात वेळेचा प्रश्न असेल किंवा हा असेल. विचारू मात्र नका. ‘खरंच वेळ नव्हता की आवडलं नाही?’ या प्रश्नाला जगात कुणी खरं उत्तर दिलेलं नाही.

तुमचा समज असा दिसतो, की जे मला सगळ्यात जास्त आवडलं तेच मी माझ्या माणसाला द्यावं. वरवर किती प्रेमळ वाटतं. पण आवडतं पुस्तक आपल्याला कधी भेटलं यावर फार काही असतं. तुम्ही लिहिलंय की ते तुम्ही पहिल्यांदा वाचलंत ते बाळंतपणानंतर नोकरी सोडायची की नाही या घोळात असताना. तो घोळ, ते वय, ती दुपार तुम्ही भावजयीला देऊ शकत नाही. तिच्या हातात नुसतं पुस्तक येतं. शिवाय आपल्या लाडक्या पुस्तकाबद्दल आपण हळवे असतो. ते कुणी परत केलं की आपल्यालाच परत केल्यासारखं होतं. म्हणून माझं मत असं, की लाडकं पुस्तक सुचवायचंच असेल तर सर्वांत शेवटी सुचवावं, त्या माणसाशी दोन-चार पुस्तकांची देवघेव झाल्यावर. आधी ज्यांच्यावर आपला जीव टांगलेला नाही अशी पुस्तकं जाऊ द्यावीत. ती नाही आवडली तर ‘बरं, राहू दे’ म्हणायला जड जात नाही.

सिॲटलच्या एक ग्रंथपाल आहेत, नॅन्सी पर्ल. पुस्तक कुणाला लागू पडेल हे ओळखण्यासाठी त्यांनी सांगितलेली रीत मला फार कामाची वाटते. त्या म्हणतात, वाचक पुस्तकात चार दारांतून शिरतो: गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. प्रत्येक पुस्तकाला चारही दारं असतात, पण एखादं मोठं असतं आणि बाकीची अरुंद. आपल्याकडचंच बघा. शिरवळकरांकडे शिरायचं दार गोष्टीचं, पुढे काय झालं हे कळल्याशिवाय पुस्तक खाली ठेववत नाही. पुलंच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’त माणसांचं दार सताड उघडं आहे. अंतू बर्व्याच्या आयुष्यात पुढे काय घडतं याची कुणाला उत्सुकता नसते, त्याच्याजवळ बसायचं असतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त आधी लागतो तो माणदेश, धनगरांची वस्ती, दुष्काळ. तरुण मास्तराचं बोट धरून आपण त्या जागेत जातो. आणि जीएंकडे किंवा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त भाषेचं दार आहे. लक्ष्मीबाईंचं शिक्षण जेमतेम, पण त्या जे बोलल्यासारखं लिहितात तसं लिहायला भलेभले शिकून थकले.

हे दार शोधायला साहित्याचं ज्ञान लागत नाही. भावजयीला विचारा, एवढ्यात कुठली मालिका रात्र जागून बघितली? ती काय नाव सांगते ते महत्त्वाचं नाही. त्यातलं काय सांगते ते ऐका. ‘शेवटपर्यंत कळतच नाही कोण ते’ म्हणाली तर गोष्टीचं दार. ‘ती सासू काय काम करते हो’ म्हणाली तर माणसांचं. ‘तो डोंगर, ते घर, किती छान दाखवलंय’ म्हणाली तर तिसरं. मालिकांमधून भाषेचं दार सापडणं कठीण, ते सोडून द्या. तिला दोन लहान मुलं आहेत आणि नोकरी आहे असं तुम्हीच लिहिलंय. अशा बाईला साडेचारशे पानांचा ग्रंथ म्हणजे आणखी एक काम. तिला तुकड्यातुकड्यानं वाचता येईल असं काही द्या. माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ १९४९ पासून अशाच लोकांची सोय करत आलंय. एक माणूस, थोडी पानं, मिटलं तरी उद्या नवा माणूस. नाहीतर कानांनी ऐकायचं पुस्तक. स्टोरीटेल या ॲपवर मराठी पुस्तकं भरपूर आहेत, पोळ्या लाटताना ऐकता येतात. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे असं म्हणणारे भेटतील. हरिकथा ऐकून मोठा झालेला महाराष्ट्र हे कुठल्या तोंडानं म्हणतो ते मला कळत नाही.

आणि दिल्यावर विचारायचं नाही. ‘वाचलंस का?’ हा प्रश्न एकदा विचारला की पुस्तकाचा गृहपाठ होतो, आणि गृहपाठ टाळण्यात आपण सगळेच तरबेज. फार तर महिन्यानं म्हणा, ‘नाही जमलं तर परत दे गं, दुसरं देते.’ परतीचा रस्ता मोकळा दिसला की माणसं उलट वाचतात. तसं बघता तुमची भावजय गुणी आहे. पुस्तक परत आलं! मराठी घरांत दिलेली पुस्तकं परत न येण्याचं प्रमाण बघता तिचा सत्कार व्हायला हवा.

आता एक अवघड गोष्ट. भावजयीच्या कपाटात आठ महिने एक पुस्तक न वाचता पडलं म्हणून तुम्ही दुखावलात. तुमच्या कपाटावर पावसाळ्यापासून दोन पडली आहेत. प्राध्यापकांनी कदाचित त्यांची लाडकी पुस्तकंच दिली असतील, आणि दर बैठकीला तुमच्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारायचं टाळलं असेल. तुम्हाला त्यांच्याबद्दल काय वाटतं? अनादर नक्कीच नाही. वेळ नाही, जरा धाक वाटतो, आणि आता इतके दिवस झाल्यावर तोंड कसं दाखवायचं, असंच ना? भावजयीचंही हेच असू शकतं, तुमच्याबद्दल. पुढच्या बैठकीआधी ती दोन्ही पुस्तकं त्यांना नेऊन द्या आणि सांगा, ‘ही वाचून झाली नाहीत. मला रहस्य आणि भय आवडतं, त्यातलं तुमच्याकडे काही आहे का?’ निवृत्त प्राध्यापकाला असा प्रश्न विचारल्यावर तासाभरात सुटका होणार नाही, ही तयारी ठेवून जा.

इथे दुसरी बाजूही मांडते, नाहीतर ‘मला जे आवडतं तेच वाचणार’ असा नवा हट्ट धरून बसाल. लाजेपोटी वाचायला घेतलेलं पुस्तक वाईटच निघतं असं नाही. आपल्यातल्या पुष्कळांनी पहिली चांगली कादंबरी कुणावर तरी छाप पाडायला किंवा कुणाच्या तरी डोळ्यांतून उतरू नये म्हणून उघडलेली असते, आणि पन्नासाव्या पानाला ते कारण विसरलेले असतात. कट्ट्याचा थोडा दाब असावा. नाहीतर घरी बसून वाचणं काय वाईट आहे? फक्त दाब असा असावा की माणूस पुस्तक उघडेल. उघडल्याचं नाटक करायला लावणारा दाब वाया जातो.

म्हणून ‘कोसला’ही कायमची बाद करू नका. नॅन्सी पर्ल यांचा आणखी एक नियम आहे: कुठल्याही पुस्तकाला पन्नास पानं द्यावीत, तोवर पकड घेतली नाही तर खुशाल मिटावं. पन्नाशी ओलांडली की शंभरातून आपलं वय वजा करायचं, उरेल तितकी पानं पुरेत. प्राध्यापक बहात्तरचे असतील तर त्यांना अठ्ठावीस पानांत पुस्तक सोडायची मुभा आहे. तुम्हाला नाही, तुमची वीसेक पानं बाकी आहेत. आणि तुमच्याकडे एक किल्ली आहे जी त्या कट्ट्यावर कदाचित कुणाकडे नसेल. तुम्ही ‘दुनियादारी’ वाचलेली आहे. शिरवळकरांचा श्रेयसही बाहेरून पुण्याला कॉलेजात येतो, कट्ट्यावर रमतो, मित्रांत गुंततो. नेमाड्यांचा पांडुरंगही पुण्याला कॉलेजात येतो. मुलं दोन, शहर एकच. एकाला तिथे जीव लावणारी टोळी मिळते, दुसरा माणसांच्या गराड्यात एकटा पडत जातो. हे डोक्यात ठेवून ‘कोसला’ पुन्हा पहिल्या पानापासून घ्या, आणि अडलात तर ती पानं मोठ्यानं वाचून बघा. त्या पुस्तकाचं दार भाषेचं आहे, तुम्ही मागच्या वेळी गोष्टीच्या दारावर थापा मारत बसला होतात. नाहीच जमलं तर कट्ट्यावर सांगा की पन्नास पानांवर सोडली आणि का सोडली. न आवडलेल्या पुस्तकावर नेमकं बोलता येणं हे आवडलेल्यावर बोलण्यापेक्षा अवघड काम आहे आणि ऐकणाऱ्यांना फार उपयोगी पडतं. संयोजकांना जमलं तर त्यांनी एक बैठक नुसत्या अर्धवट सोडलेल्या पुस्तकांची ठेवावी. त्या दिवशी कट्टा वेळेत आटपणार नाही.

कट्टा सोडू का, हा तुमचा प्रश्न राहिलाच. तुमचा नवरा म्हणतो सोड. त्यांना तुमचा त्रास दिसतो, त्यांचं बरोबर आहे. पण तुम्ही ज्या कट्ट्यातून निघायचं म्हणताय तिथे तुम्ही अजून गेलेल्याच नाही. तिथे ‘कोसला’ वाचणारी कुणी बाई जात होती. दोन-तीन बैठकांना धारप-शिरवळकरवाली बाई पाठवा आणि मग ठरवा. त्यानंतरही कुणी तुमच्या पुस्तकांवर हसत असेल, पुस्तकांची नावं अंगावरच्या दागिन्यांसारखी मिरवली जात असतील, तर खुशाल सोडा. वाचायला कट्टा लागतोच असं नाही.

तुमच्यासारखी पत्रं मला आणखीही येतात, बहुतेक अशा लोकांची ज्यांच्या आसपास कट्टाही नाही किंवा आहे तो धडकी भरवणारा आहे. त्यांच्यासाठी एक सोपी वाट नाशिकची आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते, गट ती आपापसांत वाचतो, मग पेटी बदलते. ही पेटी नाशिकबाहेरच काय, आखाती देशांतल्या मराठी घरांतही पोचली. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी, की पेटीत मिसळ असते. कपाटातली आणि उशाखालची पुस्तकं एकाच पेटीतून येतात, आणि कुणी काय उचललं यावर कुणी भाषण करत नाही. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून अशी पेटी स्वतःची स्वतः फिरवायला कुणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक घरानं पाच पुस्तकं घालायची, त्यातलं एक तरी स्वतःला आवडलेलं पण सांगायला लाज वाटणारं, अशी अट घाला. ज्या जिल्ह्यात असाल तिथल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना ‘मला अमुक आवडलं, तसं आणखी काय?’ असं विचारण्याचीही एक कला आहे. ती आपण विसरलो आहोत, आणि काउंटरपलीकडच्या माणसालाही कुणी हे विचारत नसल्यानं तो नुसता शिक्के मारत बसतो.

आणि आपल्याला नेमकं काय आवडतं हेच ज्यांना उमगत नाही, त्यांनी एकदा भिलारला जाऊन यावं. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं हे गाव मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं, एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात कविता, कुठे इतिहास, कुठे मुलांची पुस्तकं. तिथे तुम्हाला ओळखणारं कुणी नसतं. पाय कुठल्या घराकडे वळतात आणि कुठल्या घरात बसल्यावर जेवायची वेळ टळते, ते बघून ठेवायचं.

राहता राहिलं तुमचं भाषण. धारपांवर बोलताना त्यांचं चरित्र आणि ग्रंथसंपदा सांगू नका, ती सगळ्यांना फोनवर मिळते. एकच पुस्तक निवडा आणि त्यातलं एकच पान मोठ्यानं वाचा, जिथे अजून काहीच घडलेलं नाही असं. पगारदार माणूस, साधं घर, संध्याकाळ, दार लोटलेलं. मग विचारा, तुम्हाला भीती नेमकी कुठल्या शब्दापासून वाटायला लागली? प्रत्येक जण वेगळा शब्द सांगेल आणि तुमची वीस मिनिटं त्यातच संपतील. शेवट सांगू नका, कितीही आग्रह झाला तरी. पुस्तक बरोबर घेऊन जा, आणि जो सगळ्यात जास्त आग्रह करेल त्याच्या हातात ते ठेवून या. पहिल्या पानावर पेन्सिलीनं तुमचं नाव आणि फ्लॅट नंबर तेवढा घालून ठेवा, सगळ्यांच्याच भावजया तुमच्या भावजयीसारख्या नसतात.